आबा बसेनात

सासूबाईंचा न्यूमोनिया बरा झाला आणि पाय गेले. तसे ते जागच्या जागी होते, पण मांड्यांची कातडी सैल लोंबत होती आणि पलंगाच्या कडेला बसवलं की त्या एका बाजूला कलायच्या. डॉक्टर राउंडला येत, छातीचा फोटो बघून खूश होत आणि निघून जात. फिजिओथेरपीची मुलगी मात्र खूश नव्हती. तिने मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, "या वयात नुसतं पडून राहिलं की स्नायू भराभर झिजतात. इथून जाण्याआधी त्या उभ्या राहायला लागल्या तर ठीक. नाहीतर घरी जाऊनही पलंगावरच राहतील." उपाय एकच होता. दिवसभरात पुन्हा पुन्हा उठायचं, उभं राहायचं, बसायचं. त्याची गोळी मिळत नव्हती.

सासूबाईंना स्नायूंचं काही नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तो डायपरमध्ये. घोटीच्या खाचरांत गुडघाभर चिखलात भाताची आवणी करत जिचा जन्म गेला, त्या बाईला आता कूस बदलून दुसऱ्याकडून पुसून घ्यावं लागत होतं. "मरण आलं तरी चालंल, पर हे बांधू नको," असं त्या भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या. मी म्हणायचे, "आई, मग उठा. उभ्या राहिलात की संडासपर्यंत जाता येईल. हे सुटेल." यात न समजण्यासारखं काय होतं?

पण समजून घ्यायचं कोणी! आमच्या घराण्यात आजाऱ्याने हातपाय हलवले तर ती घरच्यांची हेळसांड समजतात. माझे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्ट संपवून तडक दवाखान्यात यायचे आणि आईला चमच्याने वरणभात भरवायचे. "अहो, हात चालतात त्यांचे," मी म्हणायचे. "असू दे गं, तिनं मला भरवलंय," ते म्हणायचे. मग भेटायला येणारे. घोटीहून जीप भरून माणसं यायची, शहाळी आणायची, आणि फिजिओथेरपीच्या मुलीने महत्प्रयासाने खुर्चीत बसवलेल्या बाईला सगळी मिळून पुन्हा आडवी करायची. "वैनी, पडून ऱ्हा. लय थकल्या तुमी," म्हणत एक जण पाय दाबायला घ्यायची, दुसरी उशी सारखी करायची. ती मुलगी दळत होती आणि पीठ भलतेच खात होते. मी पलंगाजवळ उभी राहून "त्यांना बसू द्या" म्हटलं, तर चुलत जाऊ माझ्याकडे अशी बघायची, जणू मी त्यांना दगड फोडायला लावलंय.

शहरातल्या द्वारका चौकात रोज ट्रॅफिकमध्ये अडकून, घामाघूम होऊन मी दवाखान्यात पोहोचावं, तर सासूबाई आडव्या आणि खुर्चीवर शहाळी मांडलेली. पुन्हा येरे माझ्या मागल्या. खरं सांगते, रडू नव्हतं येत, नुसता संताप यायचा.

त्यात सून सासूला बळजबरीने उभी करते, छळते, ही बातमी घोटीत पोहोचली. आणि ती ऐकून आबा आले. आबा म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, घराण्यातले सर्वांत वडील. माझे सासरे गेल्यापासून आमच्याकडचा शेवटचा शब्द त्यांचाच.

आता आबा आणि सासूबाई यांच्यातला रिवाज सांगायला हवा, कारण त्यावरून लग्नानंतर मी पुष्कळ डोकं आपटून घेतलं होतं. आबा घरात आले की सासूबाई पदर डोक्यावर घेऊन उठून उभ्या राहणार. आबा बसेपर्यंत त्या बसणार नाहीत. आणि त्यांच्याशी थेट बोलणार तर कधीच नाहीत. आबा समोर असले तरी मला सांगणार, "आबांना म्हणावं, जेवायला चला." आबांनी ते ऐकलेलं असायचं, तरी मी निरोप्यासारखं पुन्हा सांगायचं. अशा वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तर आबा काठी टेकत वॉर्डात आले. सासूबाईंनी त्यांना दारात बघितलं आणि त्यांचा हात खांद्यावर पदर शोधू लागला. अंगात दवाखान्याचा गाऊन, पदर कुठला? त्यांनी उशाचा टॉवेल ओढून डोक्यावर घेतला आणि पाय पलंगाखाली सोडले. चुलत जाऊ धावली, "काकी, उठू नका," म्हणत खांदे दाबायला लागली. "सोडा त्यांना," मी इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या पलंगावरची बाई दचकली. सासूबाई कठडा धरून अर्ध्या उठल्या. गुडघे लटपटले. तेवढ्यात भावजयीचे हाल नकोत म्हणून आबा घाईघाईने खुर्चीवर बसले, आणि सासूबाईही मटकन खाली बसल्या.

आम्ही विनवण्या करून थकलो होतो, आणि आबा दारात दिसताच त्या टॉवेल डोक्यावर घेऊन अर्ध्या उठल्या होत्या. आबा निघाले तेव्हा मी व्हरांड्यात त्यांना गाठलं. छळाबद्दल ते बोलण्याआधीच मी सगळं बोलून मोकळी झाले: स्नायू, डायपर, शहाळी, सगळं. डायपर हा शब्द मी आबांसमोर उच्चारला याचं मला आजही नवल वाटतं. शेवटी म्हटलं, "आबा, तुम्ही बसता म्हणून त्या बसतात." आबांनी काठी सरळ केली. "उद्या येतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले. त्यांना बघताच सासूबाईंनी टॉवेल घेतला, कठडा धरला आणि उठल्या. फिजिओथेरपीची मुलगी नुसती पाठीशी उभी होती. आबांनी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हात काठीवर ठेवून ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, आणि मला घोटीच्या बाजारात भाताला काय भाव चाललाय ते सांगू लागले. मला त्या भावाशी काही देणंघेणं नव्हतं.

सासूबाईंचे पाय थरथरत होते. त्या हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "आबांना म्हणावं, बसा." मी सांगितलं.

"तिला म्हणावं, मी गाडीत बसूनच आलोय," आबा म्हणाले आणि पुन्हा भातावर आले.

आता आबांचेही गुडघे थरथरायला लागले. वय त्यांचं सासूबाईंपेक्षा जास्त. दोघंही पडली तर मी कोणाला धरू? आणि त्या दोघांपैकी कोणीही ऐकायला तयार नव्हतं. मी आबांपुढे खुर्ची सरकवली. त्यांनी ती काठीने मागे ढकलली.

मग सासूबाईंनी डोक्यावरचा टॉवेल सारखा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या आपल्या भायांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, थेट बोलल्या.

"बसा आता. मला संडासला जायचंय."

आबा बसले. बसले आणि मान वळवून खिडकीबाहेर बघू लागले. सासूबाई मात्र बसल्या नाहीत. एक हात त्या मुलीच्या खांद्यावर, एक माझ्या मनगटावर, असं करत त्या वॉर्डाच्या टोकाच्या दारापर्यंत गेल्या. मी आत शिरायला लागले तर त्यांनी माझा हात झटकला.

"तू बाहेर थांब," त्या म्हणाल्या, आणि त्या मुलीला घेऊन त्यांनी दार लावून घेतलं.