कार्बोरेटरखालचा कागद

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, आणि तिला सांगायची सोयही गेली. तुम्ही माझे कोणी नाही—म्हणून तुम्हाला सांगतो. पण आधीच बजावतो: मधेच "होतं असं माणसाच्या हातून" म्हणू नका. त्या वाक्याची मला चीड येते. होत नाही. मी केलं.

हायवेवर, वडनेरच्या फाट्याजवळ माझं गॅरेज होतं. उभ्या गाडीचं इंजिन नुसतं ऐकून हा मिस्त्री बिघाड सांगतो, अशी माझी ख्याती—आणि ती चारचौघांत वाढवली मीच. हिंगणघाटच्या एका वकीलसाहेबांची जुनी अँबेसिडर माझ्याकडेच यायची. आणायचे त्यांचे ड्रायव्हर, सुखदेवभाऊ. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, चौदा वर्षं त्या एकाच घरची गाडी चालवलेले. गाडी पुसताना तिच्याशी बोलायचे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सुखदेवभाऊंनी एका हाताने मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली आणि दुसऱ्याने गाडीची चावी. कार्बोरेटर साफ करायचा होता. खोलला, तर त्याच्या बुडाखालचं पॅकिंग फाटलं. नव्यासाठी हिंगणघाटला जावं लागलं असतं. आम्ही अशा वेळी जाड कागद जागेवर धरून कडेकडेने हातोडीने ठोकायचो, की झालं पॅकिंग तयार. सगळेच करायचे. पण त्याला पेट्रोलने न विरघळणारा, चिवट कागद लागतो—आणि मी हाताशी आला तो घेतला. कोणता, ते पाहिलंही नाही.

तीन दिवसांत गाडी परत. चालताना ठीक, पण उभी केली की थरथरायची, पाय काढला की बंद. सुखदेवभाऊ म्हणाले, "मिस्त्री, हवा ओढून राह्यली कुठून तरी." अगदी बरोबर बोलले होते. कार्बोरेटरच्या बुडाशी चार थेंब तेल सोडलं असतं, तर इंजिनाचा आवाज तिथल्या तिथे बदलला असता आणि गळती सापडली असती. पाच मिनिटांचं काम. का नाही केलं? कारण एक ड्रायव्हर मला शिकवत होता, आणि गिऱ्हाइकं ऐकत होती. मी स्क्रू पिळला, प्लग घासले, गाडी लावून दिली. ती पुन्हा आली. पुन्हा आली. चौथ्या खेपेला वकीलसाहेब स्वतः सोबत आले आणि सगळ्यांदेखत विचारलं, जमत नाही का तुला?

मी म्हणालो—पेट्रोलमध्ये रॉकेल आहे.

बस, एवढंच. कोणी मिसळलं ते बोललो नाही. बोलायची गरजच कुठे होती? पेट्रोल बाहेर विकायचं आणि टाकीत रॉकेल ओतायचं, हा त्या काळी ड्रायव्हर लोकांवरचा ठरलेला आळ होता. खरंच रॉकेल असतं तर धूर आला असता, वास आला असता. मला ते पक्कं माहीत होतं. जन्मभर कोर्टात पुरावे मागणाऱ्या त्या माणसाने टाकीचं झाकण उघडून वाससुद्धा घेतला नाही. त्यांचाही मला राग येतो—पण तो राग फार सोपा आहे, म्हणून त्यावर माझा विश्वास नाही.

सुखदेवभाऊंना त्याच दिवशी कामावरून काढलं. गाडी माझ्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर उतरवला. कागद दोन बोल्टांच्या मधे चिरलेला. पेट्रोलने भिजला होता, तरी अक्षरं लागत होती—चि. सौ. कां. शकुं—आणि पुढे मीच पाडलेलं भोक. कडेला हळदीचा डाग.

तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं, नाही का? मी कागद भट्टीत टाकला आणि नवं पॅकिंग बसवलं. टाकी धुतल्याचं नाटक केलं. आता गाडी उभ्याने शांत चालू लागली, आणि तोच सुखदेवभाऊंविरुद्धचा पुरावा झाला. चोर गेला, गाडी सुधारली. पुढे कोणीच त्यांच्या हाती गाडी दिली नाही.

ते मला भेटायला आले. शिव्या द्यायला आले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. ते खाली बघत म्हणाले, "तुमी म्हन्ता तं असनच मातीचं तेल. पंपावरच कोणी मिसळवलं असन. पण मले काऊन नाई समजलं?" चौदा वर्षांचा ड्रायव्हर, स्वतःच्या नाकावर शंका घेत होता. जाताना म्हणाले, "लग्नाले येजा." मला त्यांचाही संताप आला. इतका विश्वास टाकतं का कोणी?

मी गेलो. निर्लज्जासारखा पंगतीत बसलो. शेजारी नवऱ्या मुलाचे मामा. त्यांच्या कानावर गोष्ट गेली होती. माझ्याकडे झुकून त्यांनी विचारलं, "मिस्त्री, तुमीच पकडलं म्हन्तेत. खरं हाये का?" मुलगी अजून मांडवात होती, तिला याच लोकांच्या घरी नांदायचं होतं. एक "नाही" पुरलं असतं. माझी चूक झाली, एवढंही सांगायची गरज नव्हती. नुसतं "नाही".

मी म्हणालो, "जाऊ द्या ना भाऊ. आज लग्न हाये."

मामांनी मान हलवली. त्यांना हवं ते उत्तर मिळालं. मिस्त्री मनाचा मोठा आहे, असं ते पलीकडच्याला सांगताना मी ऐकलं. तेवढ्यात सुखदेवभाऊ बुंदीचं भांडं घेऊन माझ्या पानाशी वाकले. मी नको नको म्हणत होतो, तरी त्यांनी आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलं. मी ती सगळी खाल्ली.