कुलूप हाय का वो, बाई?

गेल्या उन्हाळ्यात नगरच्या दवाखान्यात, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या शनिमहाराजांशी मी भांडले. नमस्कारही न करता विचारलं, "तुझ्या गावात घरांना दारं नाहीत, मग आमच्या यांच्या डोक्यालाच कुलूप का घातलंस?"

कुलूप हा शब्द माझ्या तोंडी उगाच आला नाही. राजूरकडची मी डोंगरातली पोर. लग्न होऊन शिंगणापुरात आले ती ट्रंक आणि पितळी कुलूप घेऊन. इथं घराला चौकट असते, दार नसतं, हे बघून माझी झोपच उडाली. मग या शहाणीनं काय करावं? चौकटीत आडवी सुतळी बांधून तिला दोन पातेली लटकवली. पहाटे सासरे बाहेर निघाले, सुतळीत अडखळून पडले आणि अख्खी आळी जागी झाली! तेव्हापासून हे मला 'कुलूपबाई' म्हणायला लागले. मी गाल फुगवून बसायची. काय ती ऐट! पुढं मात्र रोज संध्याकाळी, मी चुलीपाशी असताना चौकटीतून, पाठीमागून ती हाक आल्याशिवाय मला चहा गोड लागेना.

ती हाक घोडेगावच्या बाजारात हरवली. हे गाय बघायला गेले होते. एक म्हैस बुजली, हे मागं कोसळले आणि टेम्पोच्या फाळक्यावर डोकं आपटलं. शुद्ध आली, डोळे उघडले, पण नजर छताला लागलेली. ओळख नाही, शब्द नाही.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची. तिनं समजावलं, "आजी, मेंदूत बोलण्या-चालण्याचं काम करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांचा कचरा काढणाऱ्या वेगळ्या. मार लागला की या सांभाळणाऱ्या पेशीच पाणी धरून सुजतात. मग कामाच्या पेशींची आबाळ होते. पुढं याच पेशी जखमेभोवती वण धरतात. आधी ते कुंपण जखम पसरू देत नाही, पण नंतर तेच वाट अडवतं."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्याच जातीच्या दिसतात. राखायला म्हणून सुतळी बांधायची आणि घरच्यांनाच पाडायचं!" ती हसली. मला मात्र हसता हसता रडू फुटलं.

शेजारच्या खाटेवर एका ऊसतोड करणाऱ्या बाईचा जावई होता. तिनं माझ्यापुढं भाकरी सरकवली. "सकाळपासनं बघतिया, तुमच्या तोंडात कण न्हाई. तुमी पडल्या तर त्यास्नी कोन बघंल?" मी मुकाट्यानं खाल्ली. सांभाळणारीच सुजून बसली होती. ते त्या माउलीला न सांगता कळलं.

थोड्या वेळानं जावयाला तपासणीला न्यायला आले. पिशवी छातीशी धरून ती म्हणाली, "कुलूप हाय का वो, बाई? पिशवी अशी उघडी टाकून कशी जाऊ?"

मला हसूच आलं. मोठ्यानं म्हटलं, "अगं, मी शिंगणापूरची! माझ्याकडं कुठलं कुलूप? ठेव इथं, मी बसते राखत."

ती गेली. पिशवी मांडीवर घेऊन वळले, तर यांची नजर छतावरून उतरली होती. माझ्या तोंडावर थांबली होती. ओठाचा एक कोपरा किंचित वर गेलेला. मला चिडवताना जायचा, अगदी तसा.

डॉक्टरीणबाई म्हणाली, सूज उतरत असेल. असेलही. मी वाद घातला नाही. ती बाई पिशवी घेऊन गेली, जावयाला दुसरीकडं हलवलं आणि तिचं नावही विचारायचं माझं राहिलं. कॅलेंडरापुढं मात्र मी हात जोडले आणि म्हटलं, "भांडले ते पोटात घाल."

आता हे घरी आहेत. काठी टेकत चालतात, मला बघून हसतात. शब्द अजून येत नाही. कधी ओठांचा चंबू होतो, 'कु' येतोय असं वाटतं आणि विरून जातो. आधी मी त्यांच्या तोंडापुढं बसून "म्हणा ना, म्हणा" असा धोशा लावायची. पुन्हा सुतळीच बांधत होते! आता ते सोडलंय. यायचं ते उघड्या चौकटीतून त्याच्या वेळेनं येईल. आलंय तेवढंही मी कुठं कमावलं होतं?

फक्त संध्याकाळी चहा ठेवला की मी चौकटीकडं मुद्दाम पाठ करून उभी राहते. ती हाक नेहमी मागूनच यायची.