आईंचं वासाचं धान

मागच्या आठवड्यात आमच्या घरी बिजाईचा भात शिजला. धानपट्ट्यातल्या लोकांनी वाचूनच कपाळाला हात लावला असेल... बाकीच्यांसाठी नीट सांगते.

नागभीडजवळच्या एका गावात मी जीवशास्त्र शिकवते. शाळा उघडली की पहिला धडा ठरलेला, सजीव कशाला म्हणायचं. दगड, गांडूळ पोरांना चटकन जमतं, पण कोरडं धान पुढे ठेवलं की वर्गात दोन पार्ट्या पडतात.

म्हणून सासूबाईंच्या बिजाईतलं, म्हणजे पेरायला राखलेलं, मूठभर धान मागून नेलं. ते आणि घरचे तांदूळ वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधून वर्गाच्या खिडकीत ठेवले.

हे वासाचं धान आईंनी लग्नानंतर माहेराहून आणलेलं. दरवर्षी त्यातलं थोडं राखतात आणि पोत्याचं तोंड पळसाच्या वाखाने, म्हणजे मुळाच्या सालीच्या दोरीने, बांधतात. तो वाख दिसला की घरात कोणी त्या पोत्याला हात लावत नाही.

यंदा उंदरांनी पोतं कुरतडलं. आमच्या ह्यांनी धान नव्या पोत्यात भरलं, सुतळीने बांधलं... आणि तांदूळ संपल्यावर स्वतःच ते राईस मिलवर नेलं. भाताचा वास घरभर सुटला तेव्हा आईंना कळलं.

त्या ओरडल्या नाहीत. "आता काय उगवते ते," एवढंच म्हणून न जेवता उठल्या. माहेरीही आता ते धान कोणी लावत नाही, त्यामुळे मागायचं कोणाकडे... मला फार वाईट वाटलं. हे मान खाली घालून बसले होते, भात मात्र दोनदा घेतला.

खिडकीतली फडकी मला हात धुताना आठवली. सकाळी आई माझ्यासोबत शाळेत आल्या.

तांदळाचं फडकं आधी सोडलं. सगळे बुळबुळीत, आंबूस. आईंनी पदर घट्ट धरला.

मग धानाचं सोडलं. दाण्यादाण्याला पांढरा कोंब.

"जित्ते हायेत न, बाई?"

"हो आई, जिवंत आहेत."

त्यांनी ते पदरात घेतले, दोन दाणे पोरांसाठी ठेवले आणि घरी जाऊन विहिरीजवळ लावले. मुठीचं पुन्हा पोतं व्हायला दोनेक हंगाम जातील... वाख त्यांनी आताच काढून ठेवलाय.

सजीव की निर्जीव, हे मी दरवर्षी वर्गाला विचारते. त्या उत्तरासाठी कोणाचा जीव टांगणीला लागलेला मात्र यंदा पहिल्यांदाच पाहिला.