अर्ध्या वाक्यांची हॅलोआत्या

भाच्यांनी लहानपणी ठेवलेलं नाव तिला आयुष्यभर चिकटलं. हॅलोआत्या. आता त्या भाच्यांना स्वतःची पोरंबाळं झाली, तरी आत्या हॅलोआत्याच राहिली. कारण उघड होतं. जन्म टेलिफोन ऑफिसात गेला. कानावर हेडफोन, समोर बोर्ड, हातात दोऱ्या. इकडची दोरी तिकडच्या भोकात घालायची, दोन माणसं जोडायची, आणि लगेच आपण बाजूला व्हायचं. जोडलं की लाइन सोडायची, हा तिथला पहिला नियम आणि शेवटचाही.

पण दोरी घातल्यापासून लाइन सोडेपर्यंत एखादं वाक्य कानावर पडायचंच. तेही अर्धं. "डॉक्टर म्हणाले, आता फक्त..." गेलं. "आईला सांगू नकोस, पण मी..." गेलं. सगळ्यांत छळलं ते एका बाईच्या वाक्यानं. दुपारची वेळ, बाईचा आवाज कापत होता. "अगं, तो परत आलाय! आणि त्याच्याबरोबर—"

नियम म्हणजे नियम. आत्यानं लाइन सोडली.

त्याच्याबरोबर कोण? बायको? पोलीस? कुत्रं? निवृत्त होईतो आत्या विचार करत राहिली. लग्नासाठी बघायला आलेल्या माणसांपेक्षा त्या "त्याच्याबरोबर"नं तिला जास्त झुलवलं, असं ती स्वतःच हसत सांगायची.

निवृत्तीनंतर ती भावाकडे राहायला आली. भाऊ मोठा, घड्याळं दुरुस्त करणारा, जिभेला स्क्रूड्रायव्हरचं टोक असलेला. वहिनी सरळ, पण स्वयंपाकघर तिचं राज्य. तिथं दुसऱ्या बाईनं झारा उचलला की तिचा चेहरा उतरायचा. मग आत्यानं करायचं काय? खिडकीत बसून रस्ता ऐकायचा.

आणि एक दिवस दवाखान्याच्या भिंतीवर तिनं कागद वाचला. विद्यापीठाला संशोधनासाठी साठीपुढची धडधाकट माणसं हवी होती.

"धडधाकट आहे की मी," आत्या म्हणाली.

"डोक्यानं, असं नाही लिहिलेलं," भाऊ म्हणाला.

पहिल्यांदा तिला वासवाल्यांनी घेतलं. छोट्या बाटल्या हुंगायच्या आणि काय आठवतं ते सांगायचं. तिथं तिची बाजूच्या खोलीतल्या माणसाशी ओळख झाली. तो लोक रांगेत एकमेकांपासून किती अंतरावर उभे राहतात ते मोजायचा. त्यानं तिला रांगेत उभं केलं. मग झोपवाल्यांनी डोक्याला तारा लावून दुपारी झोपवलं. मानसशास्त्राच्या बाईंनी अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवून विचारलं, यांतल्या कुणाला पैसे उसने द्याल? आत्या म्हणाली, "कुणालाच नाही." बाईंनी ते लिहून घेतलं.

रोज संध्याकाळी भाऊ दारातच विचारायचा, "आज कुठल्या अवयवाचा नंबर होता?"

"नाकाचा."

"नाक तर आमचं कधीच कापलंस. आता काय हुंगतेस?"

"अहो, असू द्या की," वहिनी आतून म्हणायची. "वन्सं, पण ते शोधतात तरी काय एवढं?"

हाच तर प्रश्न होता! आत्या काम संपलं तरी घरी यायची नाही. लांबलचक ओसऱ्यांतून फिरायची आणि दारावरच्या पाट्या वाचायची. कुठं दार उघडं दिसलं की डोकं आत. "काय चाललंय हो इथं?" एका खोलीत एक पोरगी गोगलगायींच्या पाठीवर रंगाचे ठिपके देत बसलेली. एकजण जुन्या पुलांचा गंज डब्यांत भरून ठेवायचा आणि त्याच्याकडे अशा मायेनं बघायचा की बघणाऱ्याला वाटावं लोणचंच मुरतंय. वरच्या मजल्यावर एक म्हातारे प्राध्यापक, शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी छत्र्या कशा वापरल्या यावर आयुष्य घालवून बसलेले. खाली तळघरात कुणीतरी आवाजानं काच थरथरवत होतं.

"आणि गंजवाल्याला छत्रीवाला माहीत आहे का?" आत्यानं घरी येऊन विचारलं, जणू भावानंच जाब द्यायचा होता. "नाही! एकाच जिन्यानं चढतात, एकाच नळाचं पाणी पितात, आणि एकमेकांची तोंडं ओळखत नाहीत. सगळ्यांच्या तारा लोंबकळताहेत नुसत्या."

"मग तू जोड," भाऊ म्हणाला. "सवयच आहे तुला."

पण तिची खरी तक्रार निराळी होती. सगळे तिच्याकडून काहीतरी न्यायचे आणि पुढं काय निघालं ते कुणी सांगायचं नाही. नाकाचं काय झालं? झोपेत काय सापडलं? "आत्या, अजून वेळ आहे," "आत्या, ते गुंतागुंतीचं आहे." पुन्हा अर्धी वाक्यं.

म्हणून भाषाशास्त्राची मुलगी तिला एकदम आवडली. बारीक चणीची, केस कायम पेन्सिलीनं वर खोचलेले. ती म्हाताऱ्या माणसांचं रोजचं बोलणं गोळा करत होती. कुणी ऐकत नसताना माणसं कशी बोलतात, कुठं थांबतात, कुठं चढतात, कुठं वाक्य गिळतात. आणि तिनं पहिल्याच दिवशी वचन दिलं. "काम पुरं झालं की ज्यांचे आवाज आहेत त्या सगळ्यांना बोलावणार. काय सापडलं ते सगळ्यात आधी तुम्हाला सांगणार. शेवटपर्यंत."

"शेवटपर्यंत?" आत्यानं पुन्हा विचारून घेतलं.

"शेवटपर्यंत."

त्या रात्री आत्या दोन घास जास्त जेवली.

पुढं मात्र घोडं अडलं. भिंतींना गादी लावलेली एक छोटी खोली. टेबलावर मायक. मुलगी म्हणायची, "बोला काहीही. काल काय झालं, भाजी काय केली." आत्या खुर्चीत ताठ बसायची, मायककडे बघायची आणि तिच्या तोंडून साखरेत घोळलेला, इस्त्री केलेला आवाज निघायचा.

"नमस्कार. काल सायंकाळी आमच्या घरी दोडक्याची भाजी करण्यात आली होती."

मुलगी कपाळाला हात लावायची. "आत्या, तुम्ही माझ्याशी बोलताय की ट्रंककॉल जोडताय?"

"असंच बोलते मी."

"बाहेर ओसरीत नाही बोलत असं. आत्ता येताना शिपायाला काय म्हणालात?"

"काय म्हणाले?"

"'सरक की रे, खांबासारखा काय उभा!'"

आत्या लाजली. मुलीनं मायकवर रुमाल टाकून बघितला, कुंडीमागं लपवून बघितला. पण मायक कुठंतरी आहे एवढं नुसतं कळलं तरी आत्याच्या घशात ते जुनं ऑफिस येऊन बसायचं. शेवटी मुलीला वाटलं, घरचं माणूस समोर बसवू, भांडू देत. भावाला आणलं. घरी दोघं समोरासमोर आली की भिंतीवरची घड्याळं मागं पडायची, इतका कलकलाट. इथं भावानं मायक पाहिला आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"आपली प्रकृती कशी आहे?" भाऊ म्हणाला.

"उत्तम आहे. आपली?" आत्या म्हणाली.

"ईश्वरकृपेनं ठीक."

काचेपलीकडं मुलीनं टेबलावर डोकं टेकलं.

त्यानंतर एकदा तिनं आत्याला बाहेर बाकावर बसवलं. केसांतली पेन्सिल काढून ती हातात फिरवत होती. "आत्या, रागावू नका. बाकी सगळ्यांचं झालंय. तुमचं बोलणं मला वापरता येणार नाही. या आठवड्यात यादी द्यायची आहे, आणि तुम्हाला वगळावं लागेल."

"वगळ की. माझं काय जातंय." मग पदर सावरत, "शेवटी बोलावणार होतीस, ते?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "ते ज्यांचे आवाज आहेत त्यांनाच. माझ्या सरांनी तसं ठरवलंय."

आत्या घरी आली. भावानं विचारलं, "आज कुठला अवयव?" आत्या चपला काढून सरळ आत गेली. भावानं चष्म्यावरून बघितलं आणि मुकाट्यानं घड्याळात डोकं घातलं. वहिनीनं कधी नव्हे तो झारा पुढं केला. "वन्सं, आज तुम्ही ढवळा जरा." आत्या ढवळत बसली. आवाज आहेत त्यांनाच! म्हणजे मला आवाजच नाही? जन्मभर आवाजावर पोट भरलं, आणि माझा म्हणून एक निघू नये? की तो इस्त्रीवालाच आता माझा झालाय?

दुसऱ्या दिवशी तोलवाल्या सरांकडे जायचं होतं. जावंसं वाटत नव्हतं, पण शब्द दिलेला. सर अंगानं दांडगे, बोलण्यात कंजूष. म्हातारी माणसं पडतात कशी, याचा अभ्यास. छताला टांगलेला पट्टा अंगाला बांधायचा, एका फळीवर उभं राहायचं, आणि फळी न सांगता सरकायची; समोरचा कॅमेरा ते टिपायचा. पट्टा धरून ठेवायचा म्हणून पडायची भीती नव्हती. आत्या इथं बऱ्याचदा आलेली.

"हळू ओढा हो, पोतं नाही बांधत," पट्टा आवळताना आत्या कुरकुरली. "आणि आज तरी सांगून सरकवा. काल आधीच एकीनं पायाखालची फळी काढलीय माझ्या. चांगली पोर हो, पण म्हणते तुमचा आवाज नको. नको तर नको. मी काय रडतेय? वहिनीनं झारा दिला हातात, म्हणजे बघा किती कीव आली असेल तिला..."

फळी सरकली.

"अगं आई गं! मेल्या, हाडांचा खुळखुळा करायचाय का माझ्या? जिवंत आहे अजून!"

"छान," सर पडद्याकडे बघत म्हणाले. "गुडघा उशिरा वाकला."

पडद्यावर आत्या पुन्हा घसरली, आणि खोलीभर तिचाच आवाज घुमला. अगं आई गं! मेल्या!

आत्या पट्ट्यात लोंबकळत तशीच राहिली. "हे... हे ऐकतं?"

"काय?"

"हा कॅमेरा. मला वाटलं, हा नुसता बघतो."

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं की. पट्टा बांधल्यापासून सोडेपर्यंत सगळं भरतं त्यात." सांगितलं असेलही; आत्यानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं असेल. "आवाज आम्ही नंतर काढून टाकतो. आम्हाला गुडघे लागतात."

"म्हणजे मी इतके दिवस जी बडबड केली..."

"ती अजून आहे. टाकायची राहिलीय. कचराच तो."

"खाली उतरवा मला," आत्या म्हणाली. "आधी उतरवा! तुमचा कचरा एकीला हवाय."

"कुणाला?"

"समोरच्या इमारतीत. भाषेचा अभ्यास करतात तिथं."

"तिथं?" सरांनी खिडकीतून पाहिलं. "मला वाटायचं तिथं फी भरतात."

टेबलाच्या कोपऱ्यात विद्यापीठाचा आतल्या आत चालणारा फोन होता, वर धूळ. आत्यानं पदरानं पुसला आणि नंबर फिरवला. नंबर विसरणं तिच्या रक्तात नव्हतं. पलीकडून मुलीचा आवाज आला. आत्याचा घसा आपोआप साखरेचा झाला.

"नमस्कार. तोल विभागातून फोन आहे. जोडून देते."

"आत्या? तुम्ही आहात का? कुठून—"

"बोल त्यांच्याशी, बये, लवकर!" आणि तिनं फोनचं बटण दाबून आवाज खोलीत मोठा केला.

सर आधी अडखळले. मग त्यांनी आत्याकडे बघितलं. "तुमची परवानगी लागेल."

"माझा आवाज ना? दिला."

सरांनी फोनसमोर ते चित्रण चालवलं. पोतं नाही बांधत. कीव आली असेल. अगं आई गं. पलीकडून मुलगी ओरडली, "हाच! आत्या, हाच तुमचा आवाज! वाक्य गिळताय, चढताय, मध्येच वळताय... किती आहे असं?"

"बरंच," सर म्हणाले.

"यादीत राहिलात तुम्ही आत्या. कळलं? शेवटी यायचंय तुम्हाला."

आत्यानं डोळे टिपले, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ती दोघं आता एकमेकांत गुंतली होती. तुमच्याकडे अशी किती माणसं? सगळ्यांचा आवाज आहे? टाकला नाहीत ना? सर, कंजूष सर, खुर्ची ओढून बसले आणि बोलायला लागले.

जोडणी झाली होती. आत्याचे पाय सवयीनं दाराकडे वळले. तिनं पिशवी खांद्याला लावली, कडीवर हात ठेवला.

मागं सर म्हणत होते, "मला बरेच दिवस शंका आहे. पाय घसरायच्या आधीच माणसाचा आवाज जरासा बदलतो. आणि त्याच्याबरोबर—"

आत्या थांबली.

कडी सोडून ती मागं आली. पिशवी टेबलावर ठेवली, फोन आणि सर यांच्या बरोबर मध्ये खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

सर बोलायचे थांबले. "काही राहिलं का?"

"राहिलं तर काय! फार वर्षांचं राहिलंय," आत्या म्हणाली. "बोला. त्याच्याबरोबर काय?"