रविवारी वेचलेला कापूस

तेलंगणातल्या बेल्याकडच्या आमच्या गावात आम्हाला ‘रविवारवाले’ म्हणतात. चिडवायलाही म्हणतात आणि पत्ता सांगायलाही. आमची मोजकी ख्रिस्ती घरं. रविवारी आम्ही शेतात जात नाही, स्वतःच्या नाही आणि मजुरीनेही नाही. प्रार्थनेच्या खोलीत जमतो. आमच्यातल्या म्हाताऱ्या भाऊंनी ही रीत पहिल्यांदा धरली, तेव्हा रविवारी येत नाही म्हणून सोमवारीही त्यांना कोणी कामाला बोलवत नसे, असं आई सांगते. तरी त्यांनी ती सोडली नाही.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आदिलाबादला डिग्री करते, शनिवारी गावी येते. मग रविवारी इतरांसाठी करायची प्रार्थना माझ्याकडे असते. “शिकलेली पोरगी हाय, तिले बोलता येते,” असं भाऊ म्हणतात. मला ते आवडतं, आणि अवघडल्यासारखंही होतं. बोलता येतं हे खरं आहे. पण बोलून झाल्यावर पुढे काय, हे मला नेहमी कळतंच असं नाही.

गेल्या दिवाळीनंतरचा एक रविवार. सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. शेजारच्या काकांना आदिलाबादच्या दवाखान्यात ठेवलं होतं. पोटाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणतो; त्या त्यांच्यापाशी होत्या. त्यांचा मुलगा हैदराबादला कामाला. घरी फक्त सून आणि तिचं तान्हं बाळ. आणि शेतात बोंडं फुटून कापूस नुसता लोंबत होता. असा कापूस भिजला की काळवंडतो, मग कोणी घ्यायला तयार नसतं. पावसाच्या धाकाने सगळं गाव आपापल्या शेतात गेलं होतं.

मी डोळे मिटून प्रार्थना केली. काकांच्या जखमेसाठी, मावशींच्या धीरासाठी, त्यांच्या शेतासाठीसुद्धा. “प्रभू, त्यांचा कापूस राख,” असं म्हटलं. लोक आमेन म्हणाले. डोळे उघडले तर दारासमोरून तीच सून जात होती. बाळ कडेवर. पुढच्या घरी थांबली, आवाज दिला, कुलूप पाहून पुढे गेली. त्याच्या पुढच्या घरीही तसंच. आमच्या उघड्या दाराकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

आई उठली आणि दारातूनच ओरडली, “काऊन वो पोरी, कोणाले पाहून राह्यली?”

“वेचायले बाया पाह्यतो, काकू. कोणीच नाही भेटून राह्यलं. आत्याबाई म्हणते, मी उद्या पहिल्या बसनं येतो वेचायले. मामंजी तिकडं एकटे राह्यतीन. त्यायले तर उठून पाणीबी घेता येत नाही.”

“मंग आमाले काऊन नाही इचारलं?”

ती गोंधळली. “आज रविवार हाय न तुमचा.”

आई आत आली. माझ्या मनात आलं, आत्ता अख्ख्या गावात रिकामे हात फक्त आमचे आहेत. पण ते मोठ्याने म्हणायचं धाडस झालं नाही.

आई म्हणाली, “भाऊ, आमी जातो.”

“आज?” भाऊंचा आवाज रागाचा नव्हता, दुखावल्यासारखा होता. “इतके साल लोकायचं आयकून घेतलं, वहिनी. आता तेच म्हणतीन, आभाळ आलं का यायचा देव सुट्टी देते.”

“म्हणू द्या. आपला कापूस नाही वेचून राह्यलो आपण.”

“उद्या जा न.”

“पाणी उद्यालोक थांबते का? अन् भाऊ, तुमचा गोऱ्हा नाल्यात फसला होता, तो काय सोमवारची वाट पाहत बसला होता?”

कोणीतरी खुदकन हसलं. भाऊ हसले नाहीत. “तुमी जा,” म्हणाले, “मी इथंच बसतो.” आणि खरंच डोळे मिटून बसले. त्यांची ती प्रार्थना पोकळ होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. फक्त मला तिथे बसवेना.

बायकांनी घरी जाऊन चांगल्या लुगड्यांवर नवऱ्यांचे जुने शर्ट चढवले, कमरेला कापडाच्या झोळ्या बांधल्या. सून मजुरीचं बोलू लागली तशी आई म्हणाली, “मजुरीनं आज आमी येत नसतो, तुले ठाव नाही का?” आणि सरळ चालायला लागली.

दोन वर्षांच्या हॉस्टेलने माझे हात मऊ झालेत. बोंडाची टोकं नखांत घुसत होती. शेजारच्या ओळीतली बाई म्हणाली, “कॉलेजवाली, पुस्तक नोय ते. पान पलटल्यावाणी नको करू, ओढ!” मी ओढत राहिले. प्रार्थनेतला एकही शब्द आठवत नव्हता. काका, मावशी, ती सून मात्र सारखे डोळ्यांपुढे होते. प्रार्थना करताना ते इतके जवळ आले नव्हते, हे खरं लिहायला हवं.

दुपारनंतर बांधावर भाऊ दिसले. त्यांनी बोंडाला हात लावला नाही, पण भरलेलं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि शेतातल्या छपरीकडे निघाले. मग दुसरं. आईने माझ्याकडे पाहून बोट ओठावर ठेवलं.

शेवटच्या काही ओळी राहिल्या आणि पाऊस आला. तेवढा कापूस गेला. बाकीचा छपरीत होता, कोरडा. आम्ही सगळ्या त्यालाच टेकून उभ्या राहिलो. सुनेने तिथूनच फोन लावला.

“आत्याबाई, नोका येऊ. मामंजीपाशीच राहा. कापूस आला छपरीत.”

“कोणं वेचला?” पलीकडून मावशींचा आवाज इतका मोठा, की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

“रविवारवाल्यायनं.”

“आज? अन् त्यायची प्रार्थना?”

सुनेने आमच्याकडे पाहिलं. आईने तिच्या हातातून फोन घेतला.

“झाली सकाळीच. तुमी ते सोडा, काकानं काही खाल्लं का ते सांगा.”