भाऊची पितळी पिकदाणी

भाऊ गेल्याचा निरोप मला वडनेर भोलजीला मिळाला. भाचीच्या बाळंतपणासाठी मी तिथे गेले होते. निरोप घेऊन आलेला गडी दारात उभा राहिला आणि त्याच्या तोंडातून मोहाच्या दारूचा असा भपकारा आला की मी आधी पदर नाकाला लावला, मग त्याचं बोलणं ऐकलं. सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी मला त्या वासातून ऐकावी लागली... भाऊला हे सांगता आलं असतं तर तो हसला असता. मोहाला नावं ठेवू नको, त्यानं उपाशीपोटी प्यायली असेल, असं काहीतरी म्हणाला असता. भाऊविषयी चार चांगले शब्द लिहून द्या, असं या पुरवणीच्या संपादकांनी कळवलं आहे. चांगले शब्द माझ्याकडे आहेत, पण ते भाऊपुरतेच आहेत. बाकीच्यांना त्यातला एकही मिळायचा नाही.

मला किळस लवकर येते. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याला मी कधी तोंड लावलं नाही. दूध नासायच्या आदल्या संध्याकाळीच मी ते नासणार म्हणून सांगायची. एका लग्नात तूप खवट आहे म्हणून भरल्या पंगतीतून उठलेली पोरगी, अशी अमडापुरात माझी ख्याती होती. हिचं सासरी कसं व्हायचं, ही आईची काळजी. सासर मला फार लाभलंच नाही, विधवा होऊन लवकरच माहेरी परत आले, आणि मग थोरल्या भावानं, गुणवंतभाऊनं, माझ्या या खोडीचं सोनं केलं. तरुणपणी तो नाशिककडे एका पाद्र्याच्या मळ्यावर दोन वर्षं कारकून होता. तिथे प्रार्थनेसाठी द्राक्षांची वाईन करत. येताना भाऊनं ओल्या गोणपाटात गुंडाळून वेलींच्या काड्या आणल्या: भोकरी, फकडी आणि हबशी. त्या विहिरीजवळ लावून वर मांडव घातला. कपाशीच्या मुलखात हे काय नवीन थेर, म्हणून लोक बांधावर उभे राहून हसले. चौथ्या वर्षी तेच लोक घड मागायला आले.

फाल्गुन-चैत्रात घड उतरायचे. ते हातानं चिरडून मातीच्या मोठ्या बरण्यांत भरायचे आणि ओसरीत ठेवायचे. फसफसणं पार शांत झालं की रस गाळून घ्यायचा, बरण्यांची तोंडं मेणानं बंद करायची आणि दोर बांधून त्या जमिनीखालच्या पेवात उतरवायच्या. ज्या पेवात आमच्या आजोबांनी ज्वारी साठवली, त्यात भाऊनं वाईन साठवली. आणि चव घ्यायला मी. आजोबांची पान खाण्याची पितळी पिकदाणी होती, ती मी चिंचेनं लखलखीत घासायची. घोटभर वाईन तोंडात घ्यायची, घोळवायची, पिकदाणीत थुंकायची आणि भाऊनं विचारलं की सांगायचं. भोकरीला ओल्या गवताचा वास, फकडीला पिकल्या पेरूचा, हबशीला जांभूळ आणि मागून थोडा चामड्याचा. गिळायची परवानगी नव्हती, मला हवीही नव्हती. "पोटात गेली का जीभ लाचार होते, बाई," भाऊ म्हणायचा. "मंग ते खरं नाही सांगत." विधवा लेक पिकदाणी घेऊन दारू चाखते हे आईला सोसेना. ती तेवढा वेळ देवघरात जाऊन बसायची. पण गिळत नाही म्हटल्यावर तिलाही बोलायला तोंड राहिलं नाही.

जेवणाशिवाय भाऊ कुणाला थेंब देत नसे, आणि कशाशी काय हे तो ठरवायचा. रोडगे आणि वांग्याचं भरीत असलं की भोकरी. वांग्याला लागलेला धूर तिनं धुऊन निघतो, असं त्याचं म्हणणं. पौषात हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी, त्याच्याशी फकडी. गोठ्यामागच्या चुलीवर मटण शिजलं तर हबशी, नाहीतर पातोड्यांच्या झणझणीत रश्शाबरोबरही तीच. पुरणपोळीपुढे हबशी शाईसारखी लागते, हे मी त्याला सांगितलं आणि सणाच्या दिवशी पेव बंद झालं. अंबाडीच्या भाजीचं तर तिघींपैकी कुणाशीच जमलं नाही. ही सगळी खटपट ज्यांच्यासाठी चालायची ते पाहुणे दोन. एक आमच्या गावातले देशमुख, दुसरे चिखलीचे एक वकील. बाजाराच्या दिवशी काम आटोपून ते येत आणि पाय पसरून बसत. पिकदाणी भाऊ त्यांच्यापुढेही ठेवायचा, आधी चाखा, मग प्या, म्हणायचा. त्या पिकदाणीत त्यांनी कधी थुंकलं नाही. तोंडातला घास तसाच, वरून पेला उलटा. देशमुख तर बोटानं दातांतलं मटण काढून तेच बोट पेल्याच्या काठावर पुसायचे. मी आतून पाहायची आणि तो पेला नंतर राखेनं वेगळा घासायची. जाताना दोघंही भाऊच्या पाठीवर थाप मारून सांगायचे की असा माणूस वऱ्हाडात दुसरा नाही.

मग नागपूरहून दारूबंदीचा कायदा आला, आणि तेच देशमुख गावच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष झाले. त्याचंही मला काही वाटलं नसतं, माणूस सुधारतो. पण कुणीतरी अर्ज केला की गुणवंतराव दारू विकतो, आणि गेल्या उन्हाळ्यात शिपाई आले. ओसरीतल्या आणि पेवातून वर काढलेल्या बरण्या त्यांनी अंगणात फोडल्या. तीन वर्षांचा रस मातीत गेला. उन्हात त्याचा असा आंबूस चिखल झाला की माशांचे थवे बसले, गावातली कुत्री येऊन चाटू लागली. समोरच्या ओट्यावर देशमुख उभे होते, नाकाला उपरणं लावून. त्या नाकाला वास सहन होत नव्हता!

खटला मेहकरला चालला. भाऊनं वाईन केली हे त्यानं पहिल्याच दिवशी कबूल केलं. विकली नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते सांगू शकतील अशी घराबाहेरची माणसं जगात दोनच होती. देशमुखांनी मंडळाचे अध्यक्ष म्हणून दिलेल्या साक्षीत सांगितलं की आपला त्या घराशी संबंध नाही. वकील तर कोर्टाच्या आवारात असूनही आत आले नाहीत. भाऊनं पिणारे म्हणून त्यांची नावं घेतली असती तर दोघांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात यावं लागलं असतं. त्यानं घेतली नाहीत. शिक्षा दंडावर भागली, पण 'दारू विकणारा' हा शिक्का बसला आणि गावातली पोरं त्याला पाहून बाटली उलटी केल्याची खूण करू लागली. घरी आल्यावर मी भांडले. नावं काऊन नाही घेतली, म्हणून विचारलं.

"आपल्या पानावर जेवलेल्याचं नाव कचेरीत घेत नसतात, बाई."

त्यानं घेतली नाहीत, म्हणून पुरती नावं मीही इथे लिहीत नाही. नाहीतर माझी बोटं शिवशिवतायत.

आश्विनात त्यानं वेलींची छाटणी स्वतःच्या हातानं केली. थंडीत छाती भरली आणि मी वडनेरला असताना तो गेला... तेरवीला दोघंही आले. दोघांनी भाषणं केली. वकील भाऊच्या शेतीविषयी बोलले, देशमुख त्याच्या स्वभावाविषयी. मी दाराआड उभी होते. मला एकच वाक्य हवं होतं, चारचौघांत म्हटलेलं, की या माणसानं कधी थेंब विकला नाही, आम्ही फुकट प्यायलो. ते वाक्य आलं नाही. बुंदीवर दोघांनी ताव मारला.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आले. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग देशमुखांनी आवाज खाली घेतला. "बाई, पेवात एखादी राह्यली असंल ना? भाऊची आठवण म्हणून म्हंतो."

पेवाच्या तळाशी, कोपऱ्यात एक राहिली होती, भोकरीची. शिपायांना ती सापडली नव्हती. "लोकायसमोर सांगा का भाऊनं इकली नाही," मी म्हणाले, "अन् बरणी घेऊन जा."

भाऊ तर आता गेला, उगाच मेलेल्याच्या गोष्टी उकरून काय फायदा, असं वकिलांनी मला समजावलं. मी आत गेले, बरणी वर काढली. मेण तडकलेलं होतं. चव घेतली आणि थुंकली. तिचा सिरका झाला होता, लोणच्यात घालण्यासारखा. मी दोन पेले भरले आणि त्यांच्यापुढे ठेवले. पिकदाणीही ठेवली.

दोघांनी एका दमात पेले रिकामे केले. वकिलांचे डोळे पाणावले. "वा. भाऊच्या हाताची सर कोणालेच नाही," देशमुख म्हणाले आणि पेला पुढे केला.

मला जन्मात इतकी किळस आली नव्हती. खोट्या साक्षीनं नाही, नाकाच्या उपरण्यानं नाही, त्या पुढे केलेल्या पेल्यानं आली. पंधरा वर्षं माझा भाऊ या जिभांसाठी धूर कसा धुऊन निघतो याचा विचार करत बसला. मी सगळी बरणी त्यांच्या स्वाधीन केली. घेऊन जा, म्हटलं. ते रात्र पडायची वाट पाहून, कांबळ्यात गुंडाळून ती घेऊन गेले.

नंतर रागानं झोप येईना, तेव्हा जुनी गोष्ट आठवली. पहिल्याच वर्षी देशमुखांनी हबशी पिऊन भोकरी म्हणून वाखाणली होती, आणि ते गेल्यावर मी भाऊला म्हटलं होतं की गाढवाला गुळाची चव काय. भाऊ पानं उचलत होता. "मले समजते ना," तो म्हणाला. "पण पोटभर जेवून राह्यले का नाही?"

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. तरी तो रांधत राहिला, आणि त्यांच्यासाठी कोर्टात गप्प बसला. हे मोठेपण असेल तर असो. मला ते जमत नाही, आणि जमावं असं वाटतही नाही. देशमुख रस्त्यात दिसले की मी आजही पदर नाकाला लावते.

फाल्गुन लागला आहे. त्यानं छाटलेल्या वेलींना घड आले आहेत, हबशी काळी पडू लागली आहे. वाईन आता होणार नाही, कायदा आहे आणि करणारा नाही. काल एक मणी तोडून तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला, साल पिकदाणीत थुंकली. विचारणारं कुणी नव्हतं. तरी मी नेहमीच्या जागी, भाऊ टेकून बसायचा त्या ओसरीच्या खांबाकडे तोंड करून सांगितलं, "अजून आठ दिस थांब, भाऊ."