स्वस्तातली जागा

"समोरच्यालाबी तोंड असतंय, गड्या. त्यालाबी इचार." चष्मा कपाळावर सरकवून सुभेदार असं म्हणाले की गिऱ्हाईक गप्प व्हायचं.

सांगलीतल्या आमच्या छोट्या कंपनीत ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या दलात, नोकरी करून निवृत्त झालेले, गाव कुंडल. दुकानदारांचं, दवाखान्यांचं काम क्लाउडवर नेऊन देणं हा आमचा धंदा. म्हणजे त्यांची माहिती दूरच्या कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या संगणकावर भाड्याच्या जागेत ठेवायची. गिऱ्हाइकाला काय हवं आणि जागा देणाऱ्याच्या अटी काय, हे जुळवायचं काम सुभेदारांचं.

एकदा हळदीचे एक व्यापारी आले. "स्वस्त पाहिजे, जलद पाहिजे, आणि कधी बंद पडायला नको."

"शेठ, एवढं तर आमच्या बायकूनंबी कवा मागितलं न्हाई."

शेठ पोट धरून हसले आणि महागातली जागा घेऊन गेले. असं रोखठोक बोलूनही माणूस जोडणारे लोक तुम्हीही पाहिले असतील.

मग आटपाडीकडचा एक दवाखाना आला. डॉक्टरांना स्वस्तात हवं होतं. स्वस्त जागेची अट अशी, की देणाऱ्या कंपनीला गरज पडली की ती कधीही काढून घेणार. "दवाखान्याला ही चालायची न्हाई," सुभेदारांनी आमच्या मालकांना सांगितलं. मालकांनी ते काम ऑफिसातल्या दुसऱ्याकडून करून घेतलं.

पुढं एका दुपारी देणाऱ्या कंपनीनं ती जागा काढून घेतली. नेमकं तेव्हाच एका बाईला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणलं होतं. तिला कुठलं इंजेक्शन चालत नाही, हे तिच्या जुन्या नोंदीत होतं. नोंद उघडेना. तेच इंजेक्शन दिलं गेलं. बाई गेली.

"नेटवर्क गेलं होतं, एवढंच बोलायचं," मालकांनी आम्हाला बजावलं. सुभेदार उठले आणि त्या बाईच्या घरी जायला निघाले. त्यांना एकट्याला सोडवेना, म्हणून मीही गेलो.

तिचा नवरा पत्र्याच्या सावलीत बसला होता. सुभेदार उभ्यानंच बोलले, "नेटवर्क गेलं न्हवतं. जागाच तसली दिली हुती. मला म्हाईत हुतं."

त्यानं मान वर केली. "आवं, मग डाक्टरला का सांगितलं न्हाई?"

"मालकाला सांगितलं हुतं."

"मालक आजारी हुता व्हय?"

कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, त्याला कुणी हात लावला नाही.

परतताना सुभेदार विट्याला एसटीतून उतरले. कुंडलची गाडी तिथून मिळायची. त्यानंतर ते कामावर आले नाहीत. फोन उचलत नाहीत. एकदा घरी गेलो, तर सून म्हणाली, "रानात गेल्यात." संध्याकाळपर्यंत थांबलो, ते आले नाहीत.

मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते विट्याच्या स्थानकात, माझ्या एसटीच्या खिडकीतून. कुंडलची गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता, माणसं चढत होती. सुभेदार दारासमोरच उभे होते. गाडी भरली, निघूनही गेली. ते होते तिथंच, दोन्ही हात खाली सोडून.